जुन्या रेडिओचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द आपण बहुधा देवळांच्या संदर्भात वापरतो. जुन्या देवालयाची भिंत ढासळली किंवा शिखराचा दगड निखळला, म्हणजे गावकरी वर्गणी जमवितात आणि देवालय पुन्हा उभे करतात. परंतु याच उत्साहाच्या भरात कोरीव पाषाणाच्या खांबांवर तैलरंगाचे पुट चढते, जुन्या फरशीवर चकचकीत लाद्या बसतात, आणि काम पुरे झाल्यावर देवालय नवे दिसू लागले तरी जे वाचवावयाचे होते तेच नाहीसे झालेले असते. हेतू चांगला असतो, श्रद्धाही खरी असते; विवेक मात्र सुटलेला असतो. घरोघरी माळ्यावर, कोठीच्या खोलीत किंवा जुन्या बाजारात पडलेल्या व्हॉल्व्हच्या रेडिओंच्या बाबतीत आज पुष्कळ अंशी हेच घडत आहे. म्हणून या विषयाकडे विद्यार्थ्यांचे आणि त्यांच्या पालकांचे लक्ष वेधावे, असे मला वाटते.

या रेडिओंचे एवढे अगत्य कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर सोपे आहे. अमेरिकेत १९५४ साली ट्रान्झिस्टरचा पहिला रेडिओ विक्रीस आला आणि पुढे हळूहळू त्याने व्हॉल्व्हच्या रेडिओची जागा घेतली. तत्पूर्वी आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने आकाशवाणीवरून जे जे ऐकले, ते काचेच्या दिव्यांप्रमाणे दिसणाऱ्या त्या व्हॉल्व्हांच्या मंद प्रकाशाशेजारी बसून ऐकले. १९५५-५६ साली पुणे केंद्रावरून ग. दि. माडगूळकर व सुधीर फडके यांच्या ‘गीतरामायणा’तील छप्पन्न गीते क्रमाने प्रसारित झाली. महाराष्ट्रात आणि महाराष्ट्राबाहेर ज्या ज्या मराठी घरांपर्यंत त्या लहरी पोहोचल्या, तेथे त्या व्हॉल्व्हच्या रेडिओतूनच ऐकल्या गेल्या. ज्या यंत्राने आपल्या घरात एवढे आणून दिले, त्याची रचना समजून घेण्याइतपत कृतज्ञता आपल्या ठायी असावी, ही अपेक्षा अवाजवी नाही.

असा रेडिओ हाती येतो, तो क्वचितच पूर्ण असतो. लाकडी पेटी, स्थानकांची नावे असलेली काच, पुढच्या खुंट्या जागच्या जागी दिसतात. मागचे पुठ्ठ्याचे झाकण काढले म्हणजे आतील उणिवा ध्यानात येतात. सर्वांत अधिक वेळा दोन गोष्टी नसतात. एक स्पीकर, आणि दुसरी म्हणजे विजेचा पुरवठा करणाऱ्या भागातील ट्रान्सफॉर्मर, चोक व कंडेन्सर. त्याची कारणे उघड आहेत. स्पीकरचा शंकू कागदाचा. पावसाळी दमट हवा, उंदीर आणि कसर यांना तो आयताच सापडतो. ट्रान्सफॉर्मरात तांब्याची तार भरलेली. मोडीच्या बाजारात तिला भाव येतो. शिवाय फार जुन्या रेडिओंचा स्पीकर मुळातच निराळ्या पेटीत असे व दोन तारांनी जोडलेला असे. एकदा घर बदलताना त्यांची ताटातूट झाली की पुन्हा गाठ पडणे कठीण.

हरवलेल्या भागाचे करावयाचे काय, याविषयी आज दोन पक्ष दिसतात. पहिला पक्ष म्हणतो, ‘आत आता काय उरले आहे? सगळे काढून टाका. आयती मिळणारी इलेक्ट्रॉनिक पाटी आणि दोन नवे स्पीकर बसवा. बाहेरून जुना, आतून नवा!’ दुसरा पक्ष त्याच्या अगदी उलट टोकाला. त्याचे म्हणणे असे की, त्याच कंपनीचा, त्याच सालचा, त्याच क्रमांकाचा भाग मिळाला तरच बसवावा, नाहीतर रेडिओ मुका राहिला तरी चालेल. मला हे दोन्ही पक्ष मान्य नाहीत. माझे मत असे की, हरवलेल्या भागाच्या जागी नवा भाग बसविण्यास कोणतीच हरकत नाही. परंतु तो बसविण्यापूर्वी मूळ भाग कोणकोणती कामे करीत होता हे पूर्ण समजून घेतले पाहिजे, आणि बसविल्यानंतर तो बदली भाग आहे ही गोष्ट लपवून ठेवता कामा नये. हे मत केवळ भावनेवर आधारलेले नाही, हे दाखविण्यासाठी स्पीकरचेच उदाहरण जरा विस्ताराने पाहू.

आज आपण जो स्पीकर पाहतो, त्याच्या पाठीशी एक कायमचा लोहचुंबक असतो. त्या चुंबकाच्या फटीत कागदी शंकूला चिकटविलेले बारीक तारेचे वेटोळे असते. त्या वेटोळ्यातून आवाजाचा विद्युत्प्रवाह गेला की ते मागेपुढे हलते, शंकू हलतो आणि हवेत ध्वनी उमटतो. या फिरत्या वेटोळ्याच्या स्पीकरचा पाया पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम यांनी १९१५ साली कॅलिफोर्नियातील नापा गावी घातला. पुढे १९२५ साली अमेरिकेतील चेस्टर राईस व एडवर्ड केलॉग यांनी त्याला आजच्या स्वरूपाजवळ आणून ठेवले. पण त्या काळी एक अडचण होती. फटीत पुरेसे बळकट चुंबकीय क्षेत्र निर्माण करील असा स्वस्त व हलका स्थायी चुंबक उपलब्ध नव्हता. लोखंड, निकेल व ॲल्युमिनियम यांच्या मिश्रणाचा जोरदार चुंबक जपानच्या तोकुशिची मिशिमा यांनी १९३१ साली शोधून काढला, आणि त्या जातीचे चुंबक सर्रास वापरात येण्यास आणखी काही वर्षे लागली. तोपर्यंत कारखानदारांनी स्पीकरच्या पाठीशी तारेचे एक मोठे वेटोळे बसविले आणि त्यातून वीज सोडून विद्युच्चुंबक तयार केला. याला फील्ड कॉइल म्हणत. १९३० च्या आसपासच्या अमेरिकन व युरोपीय रेडिओंत असा स्पीकर सर्वत्र आढळतो.

आता त्या अभियंत्यांची कल्पकता पाहा. रेडिओतील व्हॉल्व्हांना लागणारी वीज एकदिश आणि स्थिर असावी लागते. भिंतीतून येणारी वीज प्रत्यावर्ती, म्हणजे क्षणोक्षणी दिशा पालटणारी असते. रेक्टिफायर व्हॉल्व्ह तिला एकदिश करतो, पण ती खडबडीत राहते. ती तशीच पुढे गेली तर स्पीकरमधून सतत घूं-घूं असा आवाज येतो. तिचे खाचखळगे बुजविण्यासाठी चोक, म्हणजे लोखंडी गाभ्यावर गुंडाळलेले भले मोठे वेटोळे, लागते. अभियंत्यांनी विचार केला की, स्पीकरमध्ये असे एक वेटोळे आहेच. मग चोकसाठी निराळा खर्च कशाला? त्यांनी व्हॉल्व्हांना जाणारा सगळा प्रवाह फील्ड कॉइलमधूनच नेला. एका दगडात दोन पक्षी मारले गेले. काही संचांत त्यांनी आणखी पुढची मजल मारली. वेटोळ्याला मध्येच एक फाटा काढून तेथे मिळणारा थोडासा दाब शेवटच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडला ऋण दाब म्हणून वापरला. शिवाय व्हॉल्व्ह व स्पीकर यांची सांगड घालणारा आउटपुट ट्रान्सफॉर्मर पुष्कळदा स्पीकरच्याच चौकटीवर स्क्रूने बसविलेला असे.

म्हणजे असा स्पीकर हरवला, तर केवळ आवाज हरवला असे होत नाही. त्याच्याबरोबर चुंबक गेला, चोक गेला, दाब कमी करणारा रोध गेला, क्वचित ग्रिडचा दाब गेला आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरही गेला. वरून पाहणाऱ्याला एक गोल भोक रिकामे दिसते. वस्तुतः तेथे चार-पाच नोकर एकाच वेळी घर सोडून गेलेले असतात. हे ध्यानात न घेता जो त्या भोकात नवा स्पीकर बसवितो, त्याचा रेडिओ मुकाच राहतो, कारण व्हॉल्व्हांकडे जाणारी वाटच तुटलेली असते. मग तो ती वाट साध्या तारेने जोडून टाकतो आणि व्हॉल्व्हांवर ठरल्यापेक्षा शंभर व्होल्ट अधिक येतात. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, ही म्हण अशाच उपचारांसाठी असावी.

योग्य उपचार कठीण नाही. त्याला लागते ते नववी-दहावीच्या पुस्तकातील ओहमच्या नियमाएवढे ज्ञान. समजा, एखाद्या संचाच्या आकृतीत फील्ड कॉइलचा रोध १८०० ओहम दिला आहे आणि तिच्यातून ६० मिलिअँपिअर प्रवाह जातो. तर तिच्यावर १८०० × ०.०६ म्हणजे १०८ व्होल्ट खर्च होतात आणि १०८ × ०.०६ म्हणजे सुमारे साडेसहा वॅट उष्णता निर्माण होते. म्हणून तिच्या जागी १० हेन्रीचा, ३०० ओहम रोधाचा चोक आणि त्याच्या जोडीला १५०० ओहमचा रोधक बसविला, तर दाबही तेवढाच उतरेल आणि घूं-घूंही थांबेल. रोधकावर सुमारे साडेपाच वॅट पडतील. म्हणून तो निदान १० वॅटचा, शक्य तर १५ वॅटचा घ्यावा व लाकडापासून दूर ठेवावा. मूळ वेटोळ्याला ३०० ओहमांवर फाटा असेल, तर १५०० व ३०० ओहमांचे दोन रोधक जोडून त्यांच्या सांध्यावरून तो फाटा घ्यावा. तेथे १८ व्होल्ट मिळतात. अशा वेळी चोकचे काम राहून जाते, म्हणून कंडेन्सर थोडा वाढवावा लागतो. परंतु तोही बेताने. पहिला कंडेन्सर मूळच्या कित्येक पट केला, तर रेक्टिफायर व्हॉल्व्हवर क्षणोक्षणी एवढा ताण पडतो की त्याचे आयुष्य संपते.

नव्या स्पीकरची सांगड घालण्याचा हिशेबही असाच मनोरंजक आहे. ६ व्ही ६ या प्रसिद्ध व्हॉल्व्हला २५० व्होल्टांवर सुमारे ५००० ओहमचा भार हवा असतो आणि बाजारातील स्पीकर असतो ८ ओहमचा. ५००० ला ८ ने भागले की ६२५ येतात व त्याचे वर्गमूळ २५. म्हणजे ज्याच्या पहिल्या वेटोळ्याचे फेरे दुसऱ्याच्या पंचवीस पट आहेत असा ट्रान्सफॉर्मर हवा. वर्गमूळ कोठे उपयोगी पडते, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला यापेक्षा चांगले उत्तर कोणते द्यावे? येथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. आउटपुट ट्रान्सफॉर्मर न जोडता ‘लावून तर पाहू’ म्हणून रेडिओ चालू केला, तर शेवटच्या व्हॉल्व्हच्या पट्टीला वीज मिळत नाही, तिच्या शेजारची जाळी सगळा प्रवाह ओढते, लालबुंद होते आणि तो दुर्मिळ व्हॉल्व्ह फुकट जातो.

विजेच्या पुरवठ्याची कथाही अशीच आहे. १९२५-२६ च्या सुमारास अमेरिकेच्या आर. सी. ए. कंपनीने १०४ क्रमांकाचा स्पीकर विक्रीस आणला. त्याच्या भक्कम कपाटात स्पीकरबरोबरच घरातील विजेवर रेडिओ चालविण्याची सगळी यंत्रणा बसविलेली होती. ते कपाट गेले की रेडिओचा आवाज आणि अन्न ही दोन्ही एकदमच गेली. ॲटवॉटर केंट या फिलाडेल्फियाच्या कारखान्याने विजेवर चालणाऱ्या आपल्या सुरुवातीच्या संचांत पुरवठ्याचे भाग पत्र्याच्या डब्यात घालून वरून डांबर ओतले. दमटपणापासून ते वाचले खरे. पण आज त्यांतील एक कंडेन्सर बदलावयाचा तर डांबर वितळवावे लागते. १९३० च्या सुमाराच्या अमेरिकन व्हॉल्व्हांच्या तारा अडीच व्होल्टांवर तापत, पुढच्या व्हॉल्व्हांच्या ६.३ व्होल्टांवर, त्यामुळे नंतरच्या रेडिओचा ट्रान्सफॉर्मर आधीच्या रेडिओला चालत नाही, तो मुद्दाम गुंडाळून घ्यावा लागतो. त्यातून तिकडचे संच ११०-१२० व्होल्ट व ६० आवर्तनांसाठी बनविलेले; आपल्याकडे २३० व्होल्ट व ५० आवर्तने. दाब उतरवून दिला तरी कमी आवर्तनांवर मूळ ट्रान्सफॉर्मर अधिक तापतो, हे विसरून चालत नाही.

उलट, कधी कधी आपल्याला जी उणीव वाटते ती उणीव नसतेच. १९२० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतील संचांत विजेच्या पुरवठ्याचा भाग सापडत नाही, कारण तो कधी नव्हताच. ते बॅटऱ्यांवर चालत. व्हॉल्व्हची तार तापविण्यासाठी एक, पट्टीला ४५ किंवा ९० व्होल्ट देण्यासाठी दुसरी आणि ग्रिडसाठी तिसरी. आपल्याकडील वीज न पोहोचलेल्या खेड्यांतही १९५०-६० च्या काळात असेच ड्राय बॅटरीचे संच होते. त्यांना ९० व्होल्ट आणि दीड व्होल्ट असे दोन दाब लागत. आता ते जोडगठ्ठे साध्या दुकानात मिळत नाहीत. पण ९ व्होल्टांच्या दहा लहान बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या की ९० व्होल्ट होतात, आणि दीड व्होल्टांचा एक मोठा सेल तारा तापविण्यास पुरतो. एक तारही न तोडता, एक भोकही न पाडता रेडिओ बोलू लागतो. मूळ व्यवस्था समजली तर बदली व्यवस्था किती सोपी होते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

आपल्याकडील आणखी एका जातीचा उल्लेख केल्याविना राहवत नाही. काही शहरांत पूर्वी एकदिश वीज होती, काहींत प्रत्यावर्ती. म्हणून दोन्हींवर चालणारे संच निघाले. त्यांत ट्रान्सफॉर्मर नसतो. फिलिप्ससारख्या कंपन्यांच्या अशा संचांत यूसीएच ४२, यूएफ ४१, यूबीसी ४१, यूएल ४१ आणि यूवाय ४१ हे पाच व्हॉल्व्ह एका माळेत जोडलेले आढळतात. त्यांच्या तारांना अनुक्रमे १४, १२.६, १४, ४५ व ३१ व्होल्ट लागतात, बेरीज ११६.६. उरलेले ११३ व्होल्ट एका मोठ्या रोधकात जिरवावे लागतात. प्रवाह ०.१ अँपिअर, म्हणजे रोध सुमारे ११३० ओहम आणि उष्णता अकरा वॅटांहून अधिक. हा रोधक जळून गेलेला किंवा काढून टाकलेला असतो, आणि त्याच्या जागी काय बसवावे हे हिशेब न करता ठरविणे म्हणजे पाचही व्हॉल्व्ह एका क्षणात गमावणे होय. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, अशा संचाचा पत्र्याचा सांगाडा थेट विजेच्या तारेला जोडलेला असतो. त्याला हात लागणे हे प्राणावर बेतू शकते. ट्रान्सफॉर्मर असलेल्या संचातही आत अडीचशे-तीनशे व्होल्ट खेळत असतात, आणि वीज बंद केल्यावरही कंडेन्सरांत ती काही काळ दबा धरून बसलेली असते. विद्यार्थी मित्रहो, म्हणूनच हिशेब तुम्ही खुशाल करा, आकृती काढा, शिक्षकांशी वाद घाला. परंतु उघड्या संचाला हात लावावयाचा तो जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच.

आता पहिल्या पक्षाकडे वळू. सगळे काढून टाका, असे म्हणणारे लोक दुष्ट नसतात. त्यांना आजोबांचा रेडिओ पुन्हा गाताना ऐकावयाचा असतो. परंतु आतील सांगाडा काढून टाकल्यावर जे उरते तो आजोबांचा रेडिओ नव्हे, ती त्याची पेटी होय. गाते ते भलतेच यंत्र. जुन्याचा केवळ मुखवटा. आणि हे नुकसान भरून येणारे नसते, कारण काढलेला सांगाडा लवकरच मोडीत जातो. दुःखाची गोष्ट अशी की, त्याची बहुधा आवश्यकताच नसते. चौथ्या-पाचव्या दशकातील पुष्कळ संचांच्या पाठीमागे ग्रामोफोन जोडण्यासाठी दोन भोके ठेवलेली आढळतात. ट्रान्सफॉर्मर असलेल्या, नीट तपासलेल्या संचात त्याच वाटेने आजच्या मोबाइलमधील गाणे आत सोडता येते आणि ते जुन्याच व्हॉल्व्हांतून, जुन्याच स्पीकरमधून बाहेर येते. मध्यम लहरींवरील केंद्रे पूर्वीपेक्षा कमी झाली, मग रेडिओवर ऐकावयाचे काय, या आक्षेपालाही येथेच उत्तर मिळते. मूळ रचनाकारांनी नव्या काळासाठी दार उघडे ठेवले असताना आपण भिंत फोडून आत का शिरावे?

दुसऱ्या पक्षाविषयी मला आदर आहे. मूळ वस्तूची ओढ ही विद्वत्तेची खूण आहे. तथापि या सोवळेपणाचीही किंमत मोजावी लागते, आणि ती बहुधा दुसरा एखादा रेडिओ मोजतो. नामांकित संच पूर्ण करण्यासाठी साध्या पण धडधाकट संचाचा स्पीकर काढून घेतला जातो. एकाचे घर सजविण्यासाठी दुसऱ्याचे आढे उतरविले जाते. वाळवीने पेटी खाल्लेला, दुरुस्तीच्या पलीकडे गेलेला संच असेल, तर त्याचे भाग अवश्य घ्यावेत. ते एक प्रकारचे दानच आहे. परंतु दुरुस्त होण्याजोगा संच त्यासाठी मोडू नये. त्यापेक्षा साधा स्थायी चुंबकाचा स्पीकर, एक चोक आणि एक रोधक वापरणे कितीतरी अधिक प्रामाणिक होय.

प्रामाणिकपणाचा प्रश्न आणखी एका ठिकाणी येतो. काही कसबी कारागीर जुन्या कंडेन्सरची पत्र्याची नळी पोकळ करून तिच्या पोटात नवा लहान कंडेन्सर दडवितात. सांगाड्याचे मूळ रूप त्यामुळे टिकते, आणि त्यांचे कौशल्य वाखाणण्याजोगे असते. मी या पद्धतीच्या विरुद्ध नाही. परंतु आत काय केले आहे याची चिठ्ठी जवळ नसेल, तर हेच कौशल्य फसवणुकीच्या उंबरठ्यावर येऊन उभे राहते. विकत घेणारा त्याला मूळ समजून अधिक पैसे देतो; पुढे दुरुस्त करणारा चुकीच्या समजुतीवर हिशेब मांडतो. दडविण्यात पाप नाही, दडविले हे न सांगण्यात आहे.

यासाठी मला तीन साधे नियम सुचवावेसे वाटतात. पहिला, जे शिल्लक आहे ते कापू नये, खरवडू नये, त्याला नवी भोके पाडू नयेत. नवा भाग जुन्याच भोकांत किंवा निराळ्या पट्टीवर बसवावा, म्हणजे उद्या मूळ भाग सापडल्यास तासाभरात तो जागी घालता येईल. दुसरा, बसविलेल्या प्रत्येक भागाचे मान, तारीख व कारण एका कागदावर लिहून तो कागद पेटीच्या आत चिकटवावा. तिसरा, काढलेला भाग निकामी असला तरी पिशवीत घालून त्याच पेटीच्या तळाशी ठेवावा. जळलेले वेटोळेसुद्धा आपले फेरे व तारेची जाडी सांगत असते, आणि ते पुन्हा गुंडाळणाऱ्याला तेवढे पुरते. या तीन नियमांना पैसा लागत नाही. लागतो तो थोडा धीर आणि आपल्यानंतरही कोणी तरी हा रेडिओ उघडणार आहे ही जाणीव.

एवढा खटाटोप एका जुन्या डब्यासाठी कशाला, असे व्यवहारी माणूस अजूनही म्हणेल. त्याला माझे उत्तर आहे की, यात रेडिओपेक्षा विद्यार्थ्याचा लाभ अधिक आहे. आजची यंत्रे बंद पडली की पाटीच्या पाटी बदलतात. कोणता भाग काय करीत होता हे विचारण्याची वेळच येत नाही. व्हॉल्व्हच्या रेडिओत प्रत्येक भाग बोटाने दाखविता येतो, त्याचे काम शब्दांत सांगता येते, त्याचा हिशेब वहीवर मांडता येतो. त्यातला एखादा भाग नसला तर शिकण्याची संधी उलट वाढते, कारण जो नाही त्याचे काम उरलेल्या तारांवरून ओळखावे लागते. येथे कुतूहल, गणित आणि सचोटी यांची एकाच वेळी परीक्षा होते, आणि अशी परीक्षा घेणारी साधने शाळेत फारशी नसतात.

म्हणून माझी सूचना अशी. प्रत्येक शाळेच्या विज्ञानशाळेत एक तरी जुना, अपुरा रेडिओ असावा. तो चालू स्थितीत मिळालाच पाहिजे असे नाही; अपुराच बरा. पालकांपैकी कोणाच्या माळ्यावर असा संच असेल, तर तो मोडीत घालण्यापूर्वी अथवा आतून रिकामा करण्यापूर्वी शाळेला एकदा विचारावे. विद्यार्थ्यांनी त्याची आकृती काढावी, कोणता भाग नाही हे शोधावे, तो काय काम करीत होता ते लिहावे, बदली भागाचा हिशेब मांडावा आणि तो शिक्षकांकडून तपासून घ्यावा. मग जाणत्या कारागिराच्या हातून डाख दिला जावा, आणि ज्या मुलांनी हिशेब केला त्यांची नावे त्या आतल्या कागदावर तारखेसह लिहिली जावीत. पन्नास वर्षांनी कोणी ती पेटी उघडली, तर आपल्या आधीच्या मुलांनी काय केले आणि का केले हे त्याला एका दृष्टिक्षेपात कळेल, आणि पुढचे काम तो तेथून सुरू करील.